अर्ध्या विड्याचं घर

मंडळी, एक विचारतो. आधी मनाशी उत्तर द्या, मग पुढं वाचा. तुमच्या दारात दोन माणसं आली. एक म्हणतो, "माझं उत्तम चाललंय, काही काळजी करू नका." दुसरा म्हणतो, "माझं सध्या अवघड आहे, किती अवघड ते सांगतो." यातल्या कोणाच्या हातात तुम्ही घराची किल्ली द्याल?

बहुतेक जण पहिल्याचं नाव घेतात. मीही तरुणपणी तेच घेतलं असतं. पण बाजारात वय गेलं की माणूस थोडं वेगळं शिकतो. आमच्या पेठेत एक तेलाचा दुकानदार होता. दुकानात डब्यांवर डबे असे रचलेले, की बघणाऱ्याची टोपी पडावी. लोक म्हणायचे, केवढा हा माल! एकदा एक मांजर उंदरामागं वर चढलं आणि सगळ्यात वरचा डबा खाली आला तो टणटण वाजत. मागोमाग बाकीचेही आले. एकात तेलाचा थेंब असेल तर शपथ. पेठ पोट धरून हसली. त्याची बायको मागच्या दारात उभी होती, ती मात्र हसली नाही. डबे भरलेले आहेत असंच तिलाही वाटत होतं.

तेव्हा उत्तराची घाई नको. त्याआधी एका बाईची गोष्ट ऐका. माझ्या आजवरच्या व्यवहारात शहाणी माणसं पुष्कळ भेटली, पण हिच्याइतकी शहाणी बाई मी गोष्टीतसुद्धा दुसरी ऐकली नाही.

वेळ पाण्यात मोजायचे, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. डोंगरांच्या कुशीत एक राज्य होतं. राजवाड्याच्या पहिल्या चौकात पाण्यानं भरलेलं एक मोठं घंगाळ असे. त्यात तांब्याची एक वाटी तरंगत सोडायची. वाटीच्या बुडाला केसाएवढं भोक. त्यातून पाणी हळूहळू आत यायचं, आणि वाटी भरून बुडाली की एक घटका झाली. मग शेजारी टांगलेल्या पितळी तासाच्या थाळीवर एक टोला. गावाचं उठणं, जेवणं, दुकान उघडणं, सगळं त्या टोल्यावर चाले. हे काम करणाऱ्या माणसाला गाव घटकावाला म्हणे. त्याचा बाप हेच करत आला होता, आजाही हेच.

घरात त्याची बायको, मैना नावाची पाच वर्षांची मुलगी आणि नुकता रांगायला लागलेला मुलगा. घर लहान, पण हसतं.

त्या राज्यात चाकरीची एक रीत होती. दर महिन्याच्या प्रतिपदेला कारभारी चौकात बैठक घालून बसे आणि एकेका चाकराला विडा देई. दोन पानं आणि वर सुपारी. विडा मिळाला की महिन्याची चाकरी पक्की, महिन्याचं धान्य पक्कं. चाकरानं तो विडा घरी न्यायचा, देवापुढं ठेवायचा, मग एक पान नवऱ्यानं खायचं, एक बायकोनं. विडा मिळाला नाही तर समजायचं, आपलं काम संपलं.

आणि या दोन्हींच्या मध्ये एक तिसरी गोष्ट होती. कधी कधी कारभारी एकच पान हातावर ठेवी. त्याला म्हणत अर्धा विडा. अर्धा विडा म्हणजे धान्य अर्धं आणि पुढचं काही सांगता येत नाही. मला विचाराल तर रिकाम्या हातापेक्षा हा वाईट. रिकाम्या हाताचा माणूस दुसरं काम तरी शोधतो. अर्ध्या विड्याचा माणूस बिचारा दारातच उभा राहतो, ना आत, ना बाहेर.

एका वर्षी दर्यापारचे सौदागर राजाकडं आले. त्यांनी काचेचे दिवे आणले, आणि चाकांचं एक यंत्र आणलं. त्याला पाणी नको, वाटी नको, माणूस नको. वेळ झाली की आपलं आपण टोले देई. राजा खूश झाला. पुढच्या प्रतिपदेला कारभाऱ्यानं घटकावाल्याच्या हातावर एकच पान ठेवलं.

"साहेब, माझं काही चुकलं का?"

"तुझं कुठं काय चुकलं? ते यंत्र नीट चालतंय का ते बघायचंय. तोवर अर्धा."

"आणि नीट चाललं तर?"

कारभाऱ्यानं पुढच्याला हाक मारली. पुढचा होता मशालजी, राजवाड्यात मशाली धरणारा. काचेच्या दिव्यांमुळं त्याच्याही हातावर एकच पान पडलं.

घटकावाला राजवाड्याच्या दरवाज्याबाहेर आला. तिथं एक म्हातारी तांबोळीण पानांची टोपली घेऊन बसायची. तिच्यापुढं तो घुटमळला. घरी एक पान घेऊन जायचं? बायकोला काय सांगायचं? तान्ह्याचं दूध, मैनीचं खाणं... त्याच्या तोंडून निघून गेलं, "आजी, एक पान दे."

"एकच? पूजेला का?"

"हो. पूजेला."

"आज पूजा करणारे फार दिसतायत," म्हातारी म्हणाली आणि तिनं पान पुढं केलं.

त्यानं दोन पानं एकावर एक ठेवली, वर कनवटीची सुपारी ठेवली, आणि पूर्ण विडा घेऊन घरी गेला. बघा, चोरी नाही, लबाडी नाही. घरच्यांना त्रास नको, एवढंच त्याच्या मनात. अशा चुका चांगलीच माणसं करतात.

बायकोनं विडा देवापुढं ठेवला, नमस्कार केला, वरचं पान त्याला दिलं आणि खालचं स्वतः उचललं. उचललं आणि थांबली. राजवाड्याच्या पानांचे देठ कातरीनं कापलेले असत. दहा वर्षं दर महिन्याला ती ते पान खात आली होती. या पानाचा देठ नखानं खुडलेला होता.

तिनं पान तोंडात घातलं, चावलं, आणि काही बोलली नाही.

लगेच का बोलली नाही? मीही विचार केला यावर. मला वाटतं, समोरच्याचा खोटेपणा पकडणं सोपं असतं. त्याला स्वतःहून खरं बोलायला जागा ठेवणं अवघड. तिनं आठ दिवस जागा ठेवली.

त्या आठ दिवसांत घराची तऱ्हाच बदलली. घटकावाला बोलेनासा झाला. बाळ रडलं की दचकायचा. एकदा मैनेनं वाटी उपडी करून त्यावर काडीनं वाजवलं, "ठण्ण! एक घटका झाली!" तर तो एवढ्या जोरात ओरडला की पोरगी चुलीमागं जाऊन बसली. स्वतःच्या आवाजानं तो स्वतःही घाबरला.

नवव्या दिवशी दुपारी बाळ झोपलं, मैना शेजारी खेळायला गेली, तशी बायकोनं विचारलं, "अहो, तांबोळणीकडून पान कशाला घेतलंत?"

त्यानं हातातला तांब्या खाली ठेवला. "तुला कोणी सांगितलं?"

"देठानं."

मग त्यानं सगळं सांगितलं. यंत्र, एकच पान, कारभाऱ्यानं न दिलेलं उत्तर. शेवटी म्हणाला, "तुझ्यावर ओझं नको म्हणून..."

"ओझं नको म्हणून?" ती म्हणाली. "आठ दिवस मला वाटत होतं, माझंच काहीतरी चुकलंय. तुम्ही माझ्याकडं बघत नव्हता. ते ओझं नव्हतं वाटतं? अर्ध्या धान्यात घर कसं चालवायचं ते मला समजेल. पण धान्य अर्धं आहे हेच मला कळलं नाही, तर मी पूर्ण धान्याचा स्वयंपाक करत बसेन. पंधराव्या दिवशीच मडकं खरवडायची वेळ आली असती, तेव्हा काय सांगणार होता? उंदरांनी खाल्लं?"

"तसंच काहीतरी ठरवलं होतं," तो खाली मान घालून म्हणाला.

यावर ती हसली. रागावलेली बाई हसली की समजावं, घर वाचलं.

पण मंडळी, खरं कळलं म्हणून काळजी संपत नाही. उलट आता दोघांना लागली. सकाळी चूल पेटवताना तीच गोष्ट, बाळाला न्हाऊ घालताना तीच गोष्ट. "कारभारी आज काय म्हणाला?" "यंत्राचा आवाज कसा आहे?" दिवसभर घरात दुसरा विषयच नाही. चार दिवसांत बाईच्या लक्षात आलं, की काळजीला दार उघडं ठेवलं तर ती ओसरीवर थांबत नाही. पार चुलीपर्यंत येते.

मग तिनं एक युक्ती काढली. घरात सासऱ्याच्या वेळची एक जुनी वाटी पडली होती. भोक झिजून मोठं झालेलं, त्यामुळं ती घटका पुरी व्हायच्या आधीच बुडायची. राजवाड्याच्या कामाची राहिली नव्हती. ती तिनं घासून काढली.

"रोज दुपारी बाळ झोपलं आणि मैनी खेळायला गेली, की ही वाटी पाण्यात सोडायची," ती म्हणाली. "वाटी तरंगते आहे तोवर मनातलं सगळं बोलायचं. भीती, राग, शिव्या, काय असेल ते. वाटी बुडाली की विषय बंद. उद्यापर्यंत."

"पण ती वाटी खोटी आहे. घटका भरायच्या आधीच बुडते."

"काळजीला तेवढी पुरे."

पहिल्या दिवशी तो वाटीकडं बघत बसून राहिला. वाटी बुडाली. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाला, "बाबा असते तर मला काय म्हणाले असते?" तिसऱ्या दिवशी जो सुटला तो थांबेना. बायकोनं बोट वर केलं. "बुडाली."

"अगं, पण माझं संपलं नाही."

"उद्या आहे की."

एके दिवशी ती स्वतःच म्हणाली, "आज मी बोलणार. मला तुमचा राग येतो. तुमचा दोष नाही हे कळतं, तरी येतो. तुम्ही पानावर पान ठेवून आलात त्याचा अजून येतो. आणि रात्रंदिवस मुलांचं करून मी दमलेय, आणि वर तुमचा चेहरा सांभाळायचा, त्याचाही येतो."

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "चेहरा माझा मी सांभाळतो. बाळाला संध्याकाळी मी घेत जाईन."

"ओरडणार नाही?"

"ओरडलो तर मीही चुलीमागं जाऊन बसेन."

बघा, काम गेलेलं नव्हतं आणि राहिलेलंही नव्हतं. बाहेर काहीच बदललं नव्हतं. तरी घरात श्वास घ्यायला जागा झाली. मी मोठमोठ्या पेढ्या बघितल्यात, जिथं भागीदार शेजारी बसतात पण वर्षातून एकदा तोंड उघडतात, तेही भांडायला. या बाईनं दोन हात जागेत जे केलं, ते त्यांना जमलं नाही.

आता मुलीचं ऐका. एके सकाळी बाई कोपऱ्यातली उतरंड पुसायला बसली. मडक्यावर मडकं उतरवत सगळ्यात लहान मडक्याशी आली, तर आत भाकरीचे तुकडे. वाळून खडे झालेले. दहा-बारा तरी असतील.

तिनं मैनेला जवळ बोलावलं. "हे कोणी ठेवलं गं?"

मैना पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली.

"रागावत नाही मी. सांग."

"बाबांचं पान अर्धं झालं ना," पोरगी म्हणाली, "मग आपली भाकरीपण अर्धी. अर्धी मी खाते आणि अर्धी ठेवते. बाळाला दात आले की त्याला लागेल."

बाईनं फडकं बाजूला ठेवलं. आपण समजतो, मुलांपासून लपवलं. अहो, मुलं घराच्या भिंतीच्या पायासारखी असतात. ओल वर दिसायच्या आधी तिथं लागते. दुपारची बोलणी दोघांनी कितीही जपली, तरी पहिल्या दिवसांतली कुजबुज पोरीनं उचलली होती, आणि पाच वर्षांच्या डोक्यानं तिचा जो अर्थ लावायचा तो लावला होता.

बाईनं काय करावं? "काही नाही गं, सगळं छान आहे" म्हणावं? ते नखानं खुडलेलं पानच झालं असतं. की सगळी काळजी तिच्यापुढं ओतावी? एवढ्याशा डोक्यावर एवढी घागर?

तिनं मैनेला मांडीवर घेतलं. "नीट ऐक. बाबांचं पान अर्धं झालंय, हे खरं. म्हणून आपण तूप कमी घेतो आणि या वर्षी नवं परकर-पोलकं नाही, हेही खरं. पण भाकरी पुरेशी आहे. भाकरी कमी पडायची वेळ आली तर मी तुला आधी सांगेन. मी सांगत नाही तोवर तू पोटभर जेवायचं. भाकरी मोजणं माझं काम. खाणं तुझं काम. एकमेकींचं काम करायचं नाही."

"नक्की सांगशील?"

"नक्की."

"बाबांसारखं आठ दिवसांनी नाही ना?"

पोरीला तेही ठाऊक होतं! "नाही," बाई म्हणाली. "त्याच दिवशी."

त्या दिवसापासून बाईनं आणखी एक गोष्ट मनावर घेतली. 'भाकरी पुरेशी आहे' हे बोलून दिलं, आता ते खरं ठेवायला हवं. शब्द दिला की माल आणावा लागतो, हे आम्हा दुकानदारांना कोणी शिकवायला नको. तिला ते जन्मतःच कळत होतं.

शेजारी एक रंगारी राहायचा. लुगड्यांना मंजिष्ठेचा लाल रंग द्यायचा. रोज त्याची कटकट चाले. "काय सांगू वहिनी, एक लुगडं डाळिंबासारखं निघतं, तर दुसरं भाजलेल्या विटेसारखं. ऊन असलं तर सावलीवरून वेळ बघतो. आभाळ आलं की अंदाजपंचे."

"आणि राजवाड्याचे टोले?"

"इथं कढया रटरटतात, बाहेर पोरं बोंबलतात. कुठला टोला ऐकू येतो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई बाळाला कडेवर घेऊन आणि झिजलेली वाटी पदरात घालून रंगाऱ्याच्या कढईपाशी जाऊन बसली. मैना पाण्याचं भांडं धरून. "भावजी, कापड टाका. वाटी दोनदा बुडाली की काढा."

रंगारी हसला. "ही वाटी तर खोटी आहे म्हणतात."

"खोटी आहे, पण रोज सारखीच खोटी आहे. रंगाला तेवढं पुरतं."

त्या दिवशी सातही लुगडी एका रंगाची निघाली. रंगाऱ्यानं शेरभर जोंधळे आणि एक लाल चिंधी दिली. चिंधी मैनेच्या बाहुलीला.

घटकावाल्याला हे कळलं तेव्हा त्याला मान खाली गेल्यासारखं वाटलं. दुपारची वाटी पाण्यात पडायच्या आत तो म्हणाला, "तीन पिढ्या राजाची घटका मोजली आम्ही. आता घटकावाल्याची बायको कढईपाशी बसते. लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतात ते मी ऐकून आले. लोक म्हणतात, या खेपेला लुगडी छान निघाली."

तो चिडला. "तुला चेष्टा सुचते!"

"चेष्टा नाही. राजाला तुमची गरज आहे की नाही हे राजा ठरवील. पण वेळेची गरज एकट्या राजाला आहे, असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

त्यावर तो दोन दिवस फुगून होता. तिसऱ्या दिवशी त्यानं तांब्याचा पत्रा आणला. अंगणात बसून ठोकायला लागला. वाटीला आकार दिला, सुईनं भोक पाडलं, पाण्यात सोडली, काढली, पुन्हा ठोकली. बाळ शेजारी बसून झाकणावर झाकण आपटत होतं. दोघांचा मिळून असा गोंगाट, की शेजारीण डोकावून म्हणाली, "घटकावाले, शिकाऊ चांगला मिळाला हो!" संध्याकाळी त्यानं नवी वाटी बायकोच्या हातात दिली. "ही खरी आहे. रंगाऱ्याला सांग, त्याला ठेवायची तर ठेव म्हणावं."

असे सहा महिने गेले. सहा प्रतिपदा, सहा वेळा एकच पान. पहिल्या खेपेनंतर तो ते एकच पान उघड घरी आणायचा. दोघं अर्धं-अर्धं खायची. मैनेला देठ.

सातव्या प्रतिपदेला यंत्राला बक्षीस मिळालं. म्हणजे त्याच्यावर रेशमी झूल चढली. कारभाऱ्यानं घटकावाल्याकडं बघितलं आणि हात मांडीवरच ठेवला. मशालजीकडं बघितलं, तेव्हाही हात मांडीवरच.

घटकावाला दरवाज्याबाहेर आला. इतके दिवस तयारी केली होती, तरी वाटी बुडाली का ते बघायला सवयीनं मागं वळला. तयारीनं घाव चुकत नाही. तांबोळीण नेहमीच्या जागी होती. मशालजी तिच्यापुढं आधीच उभा होता आणि घाईनं म्हणत होता, "दोन दे. चांगली कोवळी बघून. आणि कातर आहे का तुझ्याकडं?"

दोन पानं घेऊन, देठ कापून मशालजी गेला. म्हातारीनं घटकावाल्याकडं बघितलं. "तुला काय, एक की दोन?"

टोपलीतली पानं ताजी होती, पाणी शिंपडलेली. दोन पानं, एक सुपारी, आणि आणखी एक महिना घरात कोणाचा चेहरा उतरायचा नाही. एवढं स्वस्त!

"आज पान नको, आजी."

"मग घरी काय नेशील?"

"जे मिळालं ते."

तो घरी आला. बायको भाकऱ्या थापत होती. मैना जेवत होती, बाळ तिच्या ताटात हात घालत होतं. घटकावाल्यानं उंबऱ्यातच दोन्ही हात उघडून दाखवले. रिकामे.

तव्यावरची भाकरी फुगून खाली बसली, तरी बाईनं ती उलटली नाही. मग उलटली. "हात धुवून घ्या," ती म्हणाली.

मैनेनं घास हातातच धरला. बापाकडं बघितलं नाही, आईकडं बघितलं. "आई, आज पान किती?"

"आज पान नाही," बाप म्हणाला. पोरीला स्वतः सांगण्याचं धैर्य त्याला आलं होतं. "राजाकडचं माझं काम संपलं, मैने."

"मग आई, भाकरी?"

बाईनं मनातल्या मनात मडकी मोजली. शक्य तिथं मूठमूठ मागं ठेवलेलं, रंगाऱ्याकडचे जोंधळे, त्यानं ठोकून दिलेल्या आणखी एका वाटीबद्दल गावच्या वैद्यबुवांनी पाठवलेली नाचणी. उगीच फुगवून सांगितलं नाही, घाबरून कमीही नाही.

"भाकरी चार महिन्यांची आहे," ती म्हणाली. "तोवर आम्ही दोघं पुढची बघू. कमी पडायला लागली तर त्या दिवशी सांगेन."

मैनेनं आईच्या चेहऱ्याकडं नीट बघितलं, ग्राहक नाणं बघतो तसं. मग हातातला घास तोंडात घातला, आणि ताट पुढं सरकवून म्हणाली, "मग मला अजून अर्धी वाढ."

मंडळी, मी पुष्कळ हुंड्या वटताना बघितल्यात. पण एका पोरीनं आईचा शब्द असा तिथल्या तिथं वटवून भूक लागल्याचं सांगावं, याच्याहून मोठी पत मी कुठल्या पेढीची बघितली नाही.

पुढं काय झालं? तुम्हाला वाटलं असेल, यंत्र बिघडलं आणि राजानं पालखी पाठवली. तसं काही झालं नाही. यंत्र उत्तम चाललं. घटकावाला वाट्या ठोकायला लागला. रंगाऱ्यांना, काढा उकळणाऱ्या वैद्यांना, लग्नाचा मुहूर्त गाठणाऱ्या भटजींना. बायको कोणाला काय लागतं ते विचारत गावोगाव फिरली, आणि ती फिरायची तेव्हा मुलं तो सांभाळायचा. एखादा महिना भरून यायचा, एखादा पोकळ. पोकळ महिन्यात त्याच दिवशी मुलांना सांगितलं जायचं, भाजीला तेल कमी पडेल. मुलं तोंड वाकडं करायची आणि जेवायची. ती माणसं श्रीमंत झाली नाहीत. पण त्या घरात कोणी कोणाला घाबरून राहिलं नाही.

आणि मशालजी? त्यानं दोन महिने कातरलेल्या देठांचे विडे घरी नेले. धान्य उसनं आणून राजवाड्याचं म्हणून ओतलं. एके दिवशी माप कमी भरलं म्हणून त्याची बायको कारभाऱ्याकडं तक्रार घेऊन गेली. चार बायकांसमोर कारभारी म्हणाला, "बाई, तुमचा नवरा दोन महिने इथं कामालाच नाही."

ती घरी आली, मुलांचे कपडे बांधले. मशालजी पाया पडून म्हणाला, "अगं, तुम्हाला त्रास नको म्हणून केलं मी."

"गरिबी मी सोसली असती," ती म्हणाली. "पण दोन महिने मी देवापुढं काय ठेवत होते?" आणि मुलांना घेऊन माहेरी निघून गेली.

चाकरी दोघांचीही एकाच दिवशी गेली होती. घर एकाचंच गेलं.

बोध एवढाच: संकट कोणत्याही घरात शिरतं, पण जिथं एकमेकांना खरं सांगतात तिथं ते पाहुणा होऊन राहतं, घरधनी होत नाही.

आणि जाता जाता एक हात जोडून विनंती. तुमच्या घरचा हिशेब वहीत ठेवा नाहीतर तोंडी ठेवा, पण खरा ठेवा. आहे ते आहे म्हणा, नाही ते नाही म्हणा. आणि ज्यांच्या ताटात त्या हिशेबाचं अन्न पडतं, त्यांना तो वाचून दाखवा.